प्रत्येक रक्तस्राव म्हणजे रक्तार्श नव्हे

मलमार्गाने रक्त पडते अशी तक्रार घेऊन रुग्ण आला, की आपली लेखणी बोलबद्ध रस, कुटजघन वटी यांकडे सहज वळते. पुष्कळदा गुणही येतो. आणि हा गुणच कधी कधी घात करतो, हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी साठीच्या आसपासच्या एका गृहस्थांना आम्ही रक्तार्श समजून पाच महिने औषध दिले. रक्त थांबे, पुन्हा पडे. गुदपरीक्षणात अर्श दिसले होते, म्हणून पुढे पाहण्याची निकड आम्हाला वाटली नाही. अखेर मुलाच्या आग्रहाने कोलोनोस्कोपी झाली आणि बृहदंत्रात सुमारे तीन सेंटिमीटरचा पॉलिप आढळला. अर्श खोटे नव्हते; रक्त मात्र वरून येत होते. आपल्याकडे ‘मांसांकुर’ हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला जातो, त्यानेही विचार आळसावतो.

“वैद्यराज, आता पोट फाडावे लागणार का?” असे त्यांनी विचारले. खरे सांगायचे तर आमचाही तोच समज होता. तो चुकीचा ठरला.

1969 साली न्यूयॉर्क येथे वुल्फ व शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेच्या फासाने पॉलिप काढण्यास प्रारंभ केला. आज दोन सेंटिमीटरहून मोठे, बिनदेठाचे, पसरट पॉलिपही याच मार्गाने निघतात. श्लेष्मल आवरणाखाली द्रव टोचून पॉलिप उचलून धरतात व फासाने तुकड्यातुकड्याने कापतात. कर्करोग खोलवर शिरलेला नसेल, तर अनुभवी हातांत दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत हे साधते. नंतर रक्तस्राव होण्याचे प्रमाण शेकडा पाच ते सात, आंत्रभेदाचे एक ते दोन. आणि छिद्र तत्काळ लक्षात आले तर ते बहुधा क्लिप लावून तेथेच मिटवता येते. याउलट, कर्करोग नसलेल्या पॉलिपसाठी आतड्याचा भाग कापून काढलेल्या अमेरिकेतील रुग्णांचा जो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा चौदा जणांना गंभीर उपद्रव झाले होते.

उणीव एकच मोठी, ती पुनरुद्भवाची. ऑस्ट्रेलियातील 2019 च्या अभ्यासात पॉलिप काढल्यावर उरलेली कड विद्युत्तापाने दग्ध केली असता हे प्रमाण शेकडा एकवीसवरून पाचावर आले. अग्निदग्ध व्याधी पुन्हा उद्भवत नाहीत, हे सुश्रुताचार्यांचे सूत्रस्थानातील मत वाचकांना येथे आठवेल. म्हणून हे सारे आपल्या ग्रंथांत होतेच, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. एवढे खरे, की भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगणाऱ्या परंपरेला भेषजाची मर्यादा मान्य करण्यात कमीपणा वाटू नये. मोठा पॉलिप पोटातील औषधाने ‘विरघळवून’ देतो, असे सांगणारे वैद्य आमच्या पाहण्यात आहेत. तसा विरघळल्याचा भरवशाचा पुरावा आम्हाला आढळलेला नाही. त्यातील ग्रंथ्यर्बुदाच्या जातीचे पॉलिप वर्षानुवर्षांत कर्करोगात परिणत होऊ शकतात. तेव्हा येथे गमावलेला काळ रुग्णाचा असतो.

औषधालयाच्या मालकांनाही आमची विनंती आहे. अर्शाच्या गोळ्या महिनोन्महिने नेणारे गिऱ्हाईक, विशेषतः पंचेचाळिशीच्या पुढचे, आपल्या नजरेत असतेच. त्यास एकदा तपासून घेण्यास सांगावे. एका डबीची विक्री बुडेल, बुडू द्यावी.

रुग्ण पाठवताना चालू औषधांची पूर्ण यादी सोबत द्यावी. नवायस लोह, मंडूर, लोहासव आदी लोहकल्पांनी मल काळा होऊन दृष्टी अडते, म्हणून ते तपासणीपूर्वी सुमारे आठवडाभर बंद ठेवावेत. इसबगोलही काही दिवस आधी थांबवावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत, ती मूळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आमच्या त्या रुग्णाचा पॉलिप तुकड्यांत निघाला. सहा महिन्यांनी त्या जागेची पुन्हा तपासणी आवश्यक होती. रक्त थांबले होते, त्यामुळे ते जाण्यास राजी नव्हते. त्या वेळी मात्र आम्हीच त्यांच्या घरी जाऊन तारीख ठरवून आलो.