नाकाजवळची फट

‘अमेरिकेत यावर संशोधन झालंय.’ कांदिवलीत काहीही विकायचं असेल तर एवढं वाक्य पुरतं. क्लासवाले सर ते म्हणतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे काका ते रोज सकाळी फॉरवर्ड करतात, आणि माझ्या वयाची, इंजिनिअर झालेली पोरंही रील बघून तेच ऐकवतात. गंमत म्हणजे वाक्य खोटं नाहीये. डोळ्यांआडचं दिसणं आणि उद्याचं आज कळणं, या दोन्हींवर खरंच संशोधन झालंय. तेही ऐऱ्यागैऱ्यांनी नाही, नामवंत संस्थांमध्ये, वर्षानुवर्षं. माझं भांडण या वाक्याशी नाही, ते अर्ध्यावर तोडणाऱ्यांशी आहे. संशोधनातून निघालं काय, हे कोणी सांगत नाही.

हे अर्धं वाक्य विकलं कसं जातं ते मी गेल्या मे महिन्यात पाहिलं. माझ्या मावसबहिणीने तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या क्लासला घातलं होतं. मेंदूचा मधला भाग ‘जागा’ केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं, असा दावा. (मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो. तो झोपला तर डोळेसुद्धा धड हलणार नाहीत.) फी तिच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक. पोरगा पट्टी बांधून उभा, कार्ड छातीशी, मान किंचित मागे. ‘लाल.’ टाळ्या. ‘सात.’ टाळ्या. पुढच्या लेव्हलला मुलं पेपरातले प्रश्नही आधी ओळखतात, सर म्हणाले. मी उठून विचारलं, कार्ड त्याच्या कपाळासमोर धरू का? सर गोड हसले. शंका घेतली की एनर्जी तुटते म्हणे. पुढचं मूल बोलावलं.

मान मागे का कलते याचं उत्तर १९६६ सालीच छापून आलंय. सोव्हिएत रशियातली रोझा कुलेशोवा बोटांनी रंग ओळखते, छापील मजकूर वाचते, अशी तेव्हा जगभर चर्चा होती. मार्टिन गार्डनर या लेखकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहतेच, आणि जादूगार पिढ्यानपिढ्या तिच्यातूनच बघत आलेत. उपायही त्याने सांगितला होता : पट्टी नको, डोक्यावरून खांद्यांपर्यंत येणारी पेटी घाला. जवळजवळ साठ वर्षं झाली. आमच्या क्लासात अजून पट्टीच आहे.

आता अमेरिका. १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरॉल्ड पुटहॉफ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘रिमोट व्ह्यूइंग’चे प्रयोग केले. पैसा सीआयएचा. एक माणूस बंद खोलीत बसायचा, दुसरा शहरात कुठेतरी जायचा, आणि खोलीतल्याने त्या जागेचं वर्णन करायचं. मग एखादा परीक्षक ती वर्णनं आणि जागा यांच्या जोड्या लावायचा. जोड्या झकास जुळल्या. पण डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मूळ कागद तपासले, तेव्हा वर्णनांमध्ये आधीच्या दिवसांच्या जागांचे उल्लेख तसेच राहिलेले सापडले. म्हणजे कुठलं वर्णन कितव्या दिवसाचं ते कळत होतं. तेवढ्या धाग्यांवरून, त्या जागी पाऊलही न टाकता, मार्क्सने जोड्या लावून दाखवल्या. ही दुसरी नाकाजवळची फट, फक्त कागदावरची.

तरी काम थांबलं नाही. पुढे ते लष्कराकडे गेलं, नावं बदलली, शेवटचं नाव ‘स्टारगेट’. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून १९९५ मध्ये ते बंद झालं. बंद करण्याआधी दोन तज्ज्ञांकडून तपासून घेतलं होतं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या, आकड्यांत काहीतरी आहे. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, तसं म्हणता येत नाही. हा मतभेद खरा आहे, तो मी लपवणार नाही. पण ज्या कामासाठी पैसे ओतले, त्या हेरगिरीत कारवाईला आधार होईल अशी माहिती त्यातून मिळाली नाही, हा निष्कर्ष अहवालात स्पष्ट आहे. काकांच्या फॉरवर्डमध्ये १९७२ असतं, १९९५ कधीच नसतं.

उद्याचं आज कळण्याची गोष्ट मला जास्त आवडते. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोगांचा निबंध एका प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकात छापला. एका प्रयोगात स्क्रीनवर दोन पडदे, एकामागे चित्र. कुठल्या पडद्यामागे ते संगणक तुम्ही निवडल्यानंतर ठरवणार. कामुक चित्रं असली की लोकांचा अंदाज ५३.१ टक्के वेळा बरोबर आला. अंदाजपंचे ५० यायला हवा होता. (विरार फास्ट स्लो ट्रॅकवर येणार हे प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीला इंडिकेटरच्या आधी कळतं, त्याचा आकडा याहून बरा असेल.) रिची, वाइझमन आणि फ्रेंच यांनी बेम यांचा एक प्रयोग तीनदा करून पाहिला. तिन्हीदा काही नाही. त्याच नियतकालिकाने तो निबंध घेतला नाही, आम्ही पुनरावृत्त्या छापत नाही म्हणून! २०१२ मध्ये तो दुसरीकडे आला. यातून मानसशास्त्रच हादरलं : नेहमीच्या, सभ्य पद्धतींनी जर हेही सिद्ध होत असेल तर त्या पद्धतींचंच काही चुकतंय. बेम यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी पद्धत उघडी ठेवली, म्हणून इतरांना ती तपासता आली. आमच्या सरांनी कपाळासमोर कार्डही धरू दिलं नाही.

आणि अमेरिकाच कशाला? २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या सोबतीने, फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका : १०० हुशार, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कुठली कोणाची ते ओळखा. ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, उत्तरं २७ जणांनी पाठवली. त्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या, १०२ बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी हे ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. याला ना दोन कोटी डॉलर लागले, ना सीआयए.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांचाही राग येतो. ‘असलं काही नसतंच’ म्हणून मीम टाकणारे. नारळीकरांनी मीम टाकलं नाही, पत्रिका वाटल्या. तुम्ही हसलात की माझी बहीण गप्प होते आणि पुढच्या लेव्हलची फी भरते, कारण सर निदान तिच्याशी आदराने बोलतात.

आणि तो नऊ वर्षांचा पोरगा? फटीतून दिसतं हे त्याला माहीत आहे. पहिल्या दिवशी त्याने ते सांगितलंही असेल. पण कार्ड ओळखलं की आई टाळ्या वाजवते, नाही ओळखलं की ‘कॉन्सन्ट्रेट कर’. मग तो शिकतो, की दिसलं ते सांगायचं, कसं दिसलं ते सांगायचं नाही. फीच्या पैशांपेक्षा मला हे जास्त लागतं. आईबापांनी पगार खर्चून मुलाला आपल्याशीच खोटं बोलायला बसवलं.

तर क्लासवाल्या सरांना, चारकोप ते ठाकूर व्हिलेज, सगळ्यांनाच : ४० कार्डं, लाल किंवा काळी, जाड बंद पाकिटांत. प्रत्येक पाकिटात कुठला रंग ते नाणं उडवून ठरवायचं. पाकिटं भरणारा खोलीबाहेर, आतल्या कोणालाच रंग माहीत नाही. डोळ्यांवर पट्टीची गरजच नाही, मुलाने खुशाल उघड्या डोळ्यांनी पाकिटाकडे बघावं. नुसत्या अंदाजाने २८ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे, तेव्हा आकडा २८, आणि तो आधी कागदावर लिहून सही. रविवार तुम्ही सांगा. पाकिटं मी आणतो.