ढाल नको, खंडन शिकवा

यंदाच्या जयंतीला आमच्या वस्तीत वक्तृत्व स्पर्धा झाली. नेहमीसारखीच. वीसेक पोरं बोलली. सगळ्यांनी त्याच जागी मूठ आवळली, त्याच जागी टाळ्या घेतल्या. निम्म्यांची भाषणं तर एकाच मास्तरानं लिहून दिलेली. पहिला आलेला पोरगा खाली उतरला तसं मी त्याला सहज विचारलं, 'बाळा, आरक्षण पैशावर का नको रे?' पोरगं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. हातात ढाल होती. उत्तर नव्हतं.

दोस्तांनो, यात पोराचा दोष नाही, आपला आहे. आपण पोरांना बोलायला शिकवलं, वाद घालायला शिकवलं नाही. भाषण एकट्याचं असतं. वादात समोर माणूस असतो आणि तो गप बसत नाही. कॉलेजात, कचेरीत, गिरणीच्या कँटीनमध्ये आपल्याला गाठणारा काही टाळ्या वाजवायला आलेला नसतो.

१७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत अध्यक्षांनी बाबासाहेबांचं नाव अचानक पुकारलं. आपल्या आधी वीस-बावीस नावं आहेत, आपली पाळी आली तर उद्या येईल, असं त्यांना वाटत होतं. तयारी करून आलो नाही, हे त्यांनी उठल्या उठल्या सांगितलं. आणि मग बोलले. घोकंपट्टीवर ते झालं असतं का?

मी दहावी नापास. सूतगिरणीत रिंग खात्यात बदली कामगार. शाळेत असताना एकदाच स्पर्धेत उभा राहिलो. परीक्षकानं शेरा मारला : मुद्दे चांगले, उच्चार अशुद्ध. मी 'पानी' म्हणालो होतो, आणि विषय होता गावच्या पाणवठ्याचा! माझ्या आज्याला त्यांनी पाणी नाकारलं, नातवाला 'ण' येत नाही म्हणून गुण नाकारले. आमच्या वर्गात उच्चाराला गुण नाहीत.

हा वर्ग आम्ही चौघं-पाचजण गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी विहारात घेतो. पहिला महिना नुसतं ऐकायचं. समोरच्याचं म्हणणं त्याला परत सांगायचं. 'हो, हेच म्हणालो मी' असं तो म्हणेपर्यंत आपली पाळी नाही. मोठमोठे कार्यकर्ते इथंच आपटतात. मग वाक्यामागं कारण, कारणामागं दाखला. मग कागदाला उभी घडी घालायची. डावीकडं त्याचे मुद्दे, उजवीकडं आपलं उत्तर. उजवीकडं जागा कोरी राहिली तर तो मुद्दा उभा राहिला, मग तुम्ही कितीही ओरडा. धागा तुटला आणि जोडला नाही तर बॉबिन नुसतीच फिरते, भरत नाही. तसंच आहे हे. तयार झालेल्या पोरांना शब्द पकडायला शिकवतो. 'गुणवत्ता' म्हणजे काय हे समोरच्यालाच ठरवू दिलं की अर्धा वाद तिथंच गेला. आणि शेवटची पायरी, नाणं उडवायचं. जी बाजू येईल ती बोलायची.

भांडण इथं पेटलं. विषय होता 'आरक्षण आर्थिक निकषावर असावे'. नाण्यानं अनुकूल बाजू अकरावीतल्या एका मुलीला दिली. ती म्हणाली, साहेबाच्या पोराची आणि सफाई कामगाराच्या पोराची रांग एकच कशी? २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती सांगितली. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं ती तीन विरुद्ध दोन अशी उचलून धरली, तेही सांगितलं. समोरचा पोरगा घामाघूम. मागं बसलेले आपलेच दोघं उठले, 'आमच्या पोरींच्या तोंडी मनुवाद्यांची भाषा घालता?' पुढं आमच्याविरुद्ध पत्रकही काढलं.

अरे भावांनो, ती भाषा तिला वर्गातल्या बाकावर रोज ऐकावी लागते. आम्ही तिला तिचं उत्तर शोधायला बसवलं. त्या रात्री पोरं अकरापर्यंत बसली. आरक्षण ही गरिबी हटवायची योजना नाही, तो कारभारातला वाटा आहे. पगार वाढला म्हणून आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक बदलत नाही. आणि ज्या दुरुस्तीवर गरिबांचं नाव आहे तिच्यात दलित, आदिवासी, ओबीसी गरीब बसतच नाही. वर्षाला आठ लाखांच्या आत कमावणारा वरच्या जातीचा मात्र बसतो. हा शेवटचा मुद्दा काढला कुणी? त्याच मुलीनं. कारण ती दुरुस्ती वाचून आलेली तीच एकटी होती.

बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली स्वतःच्या पैशानं छापलं. गांधींनी 'हरिजन'मधून त्याच्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि खाली आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्या खर्चानं लोकांपुढं ठेवणारा आपला बाप, आणि आपण एका पोरीच्या पाच मिनिटांना घाबरतो?

टेक्सासमधल्या वायली या काळ्यांच्या छोट्या कॉलेजात मेल्विन टॉल्सन नावाचा मास्तर होता. कवी होता. विरोधक काय बोलणार ते आधीच हेरून त्याचं उत्तर तो पोरांकडून घोटून घ्यायचा. १९३५ साली त्याच्या पोरांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गोऱ्या संघाला हरवलं. स्पर्धा प्रस्थापितांची म्हणून सोडून द्या, असं सांगणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

हद्द आम्हालाही आहे. शिवाशिव बरी की वाईट, असला विषय आम्ही ठेवत नाही. आपल्या माणूसपणावर नाणं उडत नाही.

पण साहेबाच्या पोराचा मुद्दा पुरता सुटलेला नाही, हे कबूल करतो. उजवीकडची ती जागा अजून अर्धी कोरी आहे. म्हणून येत्या रविवारचा विषय अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक अशा निकालानं राज्यांना त्याची मुभा दिली. तेव्हापासून आपल्यात भाऊ भावाशी धड बोलत नाही. पत्रक काढणाऱ्या दोघांनी जरूर यावं. नाणं त्यांच्याच हातानं उडवू. संध्याकाळी सहा वाजता, विहारात. माझी तिसरी पाळी आहे, तेव्हा वेळेवर या.