काही केलं नसेल, तर घाबरतोस कशाला?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या हॉस्टेलवर रोज कुणी ना कुणी कुणाला तरी विचारतंच. कॉरिडॉरमध्ये कॅमेरा लागला, पेपरात नव्या कडक कायद्याची बातमी आली, की मेसच्या टेबलावर हे वाक्य हजर! वर ‘देश सेफ पाहिजे ना? मग थोडं अॅडजस्ट करायचं’ हेही असतं. समोरच्याला पटकन उत्तर सुचत नाही आणि विषय सबमिशनवर जातो.

मला याचं उत्तर 7/11 च्या खटल्यात सापडलं. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे ‘कबुलीजबाब’ हा शब्द रूममेटकडून नीट लिहून घेतला आहे. चूक असेल तर त्याला धरा.)

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या 11 मिनिटांत सात स्फोट झाले. ऑफिस सुटून घरी निघालेली 180 हून जास्त माणसं गेली. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा नुकते रांगायला लागले असतील. एटीएसनं पकडलेल्या 13 जणांवर मोक्काखाली खटला चालला. 2015 मध्ये विशेष कोर्टानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, एकाला सोडलं. आणि 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टानं उरलेल्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली! त्यातला एक जण 2021 मध्येच तुरुंगात असताना कोविडनं वारला होता.

असं कसं झालं? साध्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. बंद खोलीत काय होतं ते इंग्रजांनाही ठाऊक होतं, म्हणून 1872 च्या पुरावा कायद्यातच ही अट होती. 1999 चा मोक्का मुळात संघटित गुन्हेगारीसाठी आला. त्यात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो. चार्जशीटला 90 ऐवजी 180 दिवस मिळू शकतात आणि जामीन तर जवळजवळ नाहीच. ‘थोडं अॅडजस्ट’ म्हणजे हेच बरं का! आणि या खटल्यात हायकोर्टानं तेच कबुलीजबाब बाजूला ठेवले. ते छळ करून घेतल्याचं कोर्टाला दिसलं, काहींतला मजकूरही एकसारखा होता. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सिद्ध झालं नाही, असं कोर्ट म्हणालं. आपण जर्नल कॉपी केलं तर सर दोन मिनिटांत पकडतात. इथे 19 वर्षं गेली. माझं वय आत्ता 20 आहे.

सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. 24 जुलै 2025 ला त्या कोर्टानं सांगितलं, की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

आता कुणी म्हणेल, तुला अतिरेक्यांचा पुळका आलाय. अरे, उलट आहे! हायकोर्टाचं बरोबर असेल, तर ज्यांनी खरे बॉम्ब ठेवले ते 19 वर्षं मोकळे फिरले. मग सेफ कोण झालं? ज्यांची माणसं गेली त्यांना आधी ‘न्याय झाला’ सांगितलं, मग तोही काढून घेतला. त्यांच्या रागाबद्दल मी बोलूच शकत नाही.

याच्यासमोर 26/11 ठेवून बघा. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडून दिलं. पुढे उघड खटला चालला, त्याला सरकारी खर्चानं वकील मिळाला, साक्षीदार, फोटो, सीसीटीव्ही सगळं कोर्टासमोर आलं. नोव्हेंबर 2012 मध्ये फाशी झालीसुद्धा. म्हणजे चार वर्षांत! तुलना शंभर टक्के बरोबर नाही हे मान्य, कारण तो जागेवरच सापडला होता. पण भक्कम पुरावा असला की आरोपीच्या हक्कांची अडचण होत नाही, एवढं तर दिसतं ना?

म्हणून कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. फक्त ते आधी कुठे लागावेत, यावर वाद आहे. डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनात, लॉकअपसकट, आवाजासह रेकॉर्डिंग करणारे सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच कोर्टाला पोलीस स्टेशनांत चालू कॅमेरे नसल्याच्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आपल्या कॉरिडॉरमधला मात्र एक दिवस बंद पडत नाही! तेव्हा पुढच्या वेळी मेसमध्ये ते वाक्य आलं, की मी ते पोलीस स्टेशनच्या दिशेनं वळवणार आहे: काही केलं नसेल, तर तिथला कॅमेरा चालू ठेवायला घाबरायचं कशाला?