ट्रेलरवरचा तंबू : उंच नको, खाली हवा

मोटारीच्या टपावर घडी करून न्यायचा आणि मुक्कामाला पोहोचल्यावर उलगडून, शिडीने वर चढून झोपायचा तंबू तुम्ही चित्रात पाहिला असेल. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, युरोप आणि अमेरिका येथील भटक्या कुटुंबांत तो लोकप्रिय आहे. ओली जमीन, चिखल, विंचूकाटा यांची त्यात भीती नाही. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. असा तंबू बहुधा ५० ते ७० किलोग्रॅम भरतो, तर पुष्कळ मोटारींच्या टपाला चालत्या गाडीत ५० ते १०० किलोग्रॅमच भार चालतो. शिवाय जवळच्या गावातून दूध आणायचे झाले, तरी सारे बिऱ्हाड गुंडाळावे लागते. म्हणून अनेक हौशी मंडळी सामान वाहण्याच्या लहान, दोन चाकी ट्रेलरवर हा तंबू बसवतात. मग मोटार सोडवून खुशाल कोठेही जावे. तंबू जागेवरच राहतो.

कल्पना उत्तम आहे. माझा आक्षेप आहे तो ती अमलात आणण्याच्या एका रीतीवर. काही जण ट्रेलरवर पुरुषभर उंचीचा लोखंडी सांगाडा जोडतात आणि तंबू त्याच्या माथ्यावर ठेवतात. खाली उभे राहून स्वयंपाक करता येतो, हा त्यातला लाभ. माझ्या मते ही सोय फार महाग आहे. तंबू जमेल तितका खाली बसवावा, आणि काट्यावर वजन केल्यावाचून तो ट्रेलर रस्त्यावर आणू नये. याची कारणे तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहेत.

प्रथम गुरुत्वमध्य पाहू. समजा, ट्रेलर २०० किलोग्रॅमचा असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे. तंबू ६० किलोग्रॅमचा आहे. तो २ मीटर उंचीवर ठेवला, तर दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ८५ सेंटिमीटरवर जातो. १ मीटरवर ठेवला, तर सुमारे ६२ सेंटिमीटरवर राहतो. दोन चाकांत १२० सेंटिमीटर अंतर असेल, तर पहिला ट्रेलर सुमारे ३५ अंश कलला की उलटेल, दुसरा सुमारे ४४ अंशांपर्यंत तग धरील. सांगाड्याचे वजन आपण धरलेच नाही. ते धरले आणि स्प्रिंगांचे दबणे हिशेबात घेतले, तर उंच तंबूची स्थिती आणखी बिघडते. वेग दुप्पट झाला, की त्याच वळणावर लागणारे आडवे बल चौपट होते, हेही विसरू नका.

आता तरफेकडे वळू. दोन चाकी ट्रेलर म्हणजे आसावर टेकलेली तरफच. आपल्या बैलगाडीवाल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मागे भार जास्त झाला, की गाडी ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला, तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. म्हणून तो पोती पुढेमागे सरकवून गाडी जुळवून घेतो. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडावर पडावा, असा सल्ला अमेरिकेत देतात. तो फार कमी पडला, म्हणजेच वजन मागे गेले, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो. हे हेलकावे वाढत गेले तर मोटारीलाही फरफटत नेतात. शेजारून जाणाऱ्या निरपराध माणसाचा जीव येथे पणाला लागतो.

मुक्कामावरही तरफ सुटत नाही. आपल्या २६० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा १० टक्के, म्हणजे २६ किलोग्रॅम भार जोडावर आहे आणि जोड आसापासून २ मीटरवर आहे. गुणाकार ५२. आता मोटार सोडवली आणि ६० किलोग्रॅमचा माणूस आसाच्या मागे १ मीटरवर उभा राहिला. गुणाकार ६०. साठ हे बावन्नपेक्षा मोठे. ट्रेलर उलाळ झालाच! म्हणून चारही कोपऱ्यांना जमिनीवर घट्ट टेकणारे पाय लावल्याशिवाय आणि चाकांना उटी दिल्याशिवाय कोणीही वर चढू नये.

यावर कोणी म्हणेल, “साठ किलोचा तर तंबू, एवढा बाऊ कशाला?” पण प्रश्न वजन किती एवढाच नसून ते कोठे आहे हाही आहे. खाली उभे राहण्याची सोय हवी, तर शेजारी कनात ताणावी. जमिनीच्या ओलीपासून दूर राहायला मीटरभर उंची पुरते. शिवाय खाली ठेवलेली घडी प्रवासात मोटारीच्या आडोशाला राहते व तिला वाऱ्याचा विरोधही कमी होतो. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोग्रॅम किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक चालत नाही. असे नियम आवश्यकच आहेत. परंतु वजन कोठे ठेवायचे, हा विचार ट्रेलर बांधणाऱ्यालाच करावा लागतो.

तुम्हीही हे करून पाहा. एका फळीच्या मध्याजवळ आस व दोन चाके बसवा, पुढचे टोक दोऱ्याने खेळण्यातल्या मोटारीला बांधा आणि फळीवर दगड पुढे, मागे, खाली, उंचावर ठेवून तिरप्या पाटावर चालवा. फळी केव्हा उचलते, केव्हा कलंडते याची नोंद ठेवा.

हौसेला माझा विरोध नाही. हाताने काही बनवणारा माणूस मला नेहमीच आवडतो. पण वेल्डिंगची ठिणगी पडण्यापूर्वी कागदावर दोन गुणाकार व्हावेत, एवढाच माझा आग्रह आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या असा ट्रेलर बांधील. त्यात शांत झोपणाऱ्यांची सुरक्षितता त्या दोन गुणाकारांवर अवलंबून असेल.