कायद्यात पीएच.डी., पण कुणासाठी?

परवा धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. मी कायद्यात पीएच.डी. करतोय हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न : "मंग आते मना पैसा निंघतीन का रे भाऊ?" पतसंस्थेत अडकलेली तिची ठेव. सगळे हसले. मला नाही हसू आलं.

कारण माझा विषय तोच आहे : जळगाव-धुळ्याच्या बुडालेल्या पतसंस्था. संस्था 1960 च्या राज्य सहकार कायद्याखाली नोंदलेली असेल तर एक दार, 2002 च्या बहुराज्य कायद्याखाली असेल तर दुसरं. शिवाय ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा, म्हणजे आपला एमपीआयडी. मालमत्ता जप्त करा, विशेष न्यायालयाकडून जप्ती कायम करून घ्या, विका, वाटा. कागदावर सगळं चोख. मग जप्तीपासून ठेवीदाराच्या हातात पैसे पडेपर्यंतची वर्षं नेमकी कुठे मुरतात? कुणीतरी कोर्टाच्या फायली काढून हे मोजायला नको का?

एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी समजावलं, "कशाला नसती भानगड? घटनेतलं एखादं कलम घ्या, पुढे 'एक चिकित्सक अभ्यास' जोडा. ग्रंथालयातच काम होतं." सल्ला प्रेमाचा होता, म्हणून जास्त लागला.

ग्रंथालयाशी माझं भांडण नाही. काणे हायकोर्टात वकिली करायचे, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड 1930 ते 1962 असे निघत राहिले. तशी बैठक असेल तर खुशाल बसा! पण निकालांचे उतारे एकाखाली एक लावून तीनशे पानं भरायची, याला संशोधन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुन्या कागदांसाठी गावोगाव वणवणलेल्या राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून धुळ्यात आहे. आणि आम्हाला कोर्टात नकलेचा अर्ज करायचा कंटाळा.

'आधी पेपर छापून आणावा लागतो, वेळ कुठे?' ही सबबही आता चालायची नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. किमान तीन वर्षं, कमाल सहा. तारखा सांभाळून हे करणाऱ्या वकिलाचे हाल होतात, मान्य. माझेही होतायत.

असो. विषय बदललेला नाही. निघताना मावशीनं पावत्यांच्या झेरॉक्स दिल्या. दोनांवरची तारीख लागत नाही, मूळ पावत्या बघायला पुढच्या रविवारी परत धुळ्याला.