कर्ज लपवू नका, कागद जपा

घरात एकाला सरकारी नोकरी लागली की लग्न, आजारपण, घरदुरुस्ती, सारा भार त्याच्याच पगारावर पडतो. आपण पतपेढीचे कर्ज काढतो, सावकाराकडेही जातो. पण नोकरीचा नियम काय म्हणतो, हे आपण पाहत नाही.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील १७ वा नियम सांगतो, की कर्मचाऱ्याने नेहमीचे कर्जबाजारीपण आणि दिवाळखोरी टाळावी. कर्जवसुलीचा दावा कोर्टात दाखल झाला, तर सर्व हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. ती दडवली तर नियमभंग होतो आणि खात्याची चौकशी मागे लागू शकते.

याच नियमात आधारही आहे. कर्ज न टळणाऱ्या संकटामुळे झाले, उधळपट्टीने नव्हे, हे आपल्याला दाखवता येते. मात्र ते सिद्ध करायचे आपणच. म्हणून दवाखान्याची बिले, औषधांच्या पावत्या, हप्त्यांच्या नोंदी एका पिशवीत जपून ठेवू या. कोर्टाचे समन्स आले तर ते उशीखाली दडवायचे नाही. लगेच लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची.

आईच्या आजारपणासाठी काढलेल्या कर्जाची लाज कसली? लपवाछपवीने मात्र घराची चूल धोक्यात येते.