नुकसानभरपाई : कायदा हक्काचा, कारभार मेहेरबानीचा

मुंबईचा कचरा कोण उचलतो हे कळायला जनगणनेची गरज नाही. मुलुंडच्या डम्पिंग ग्राऊंडवर वर्षानुवर्षे गाड्या रिकाम्या करणारे, २०१८ साली ते बंद झाल्यावर दुसरीकडे फेऱ्या मारणारे, पहाटे झाडू घेऊन निघणारे आणि गटारात उतरणारे हात बहुसंख्येने आपल्याच वस्त्यांतले आहेत. यांच्यापैकी एखाद्याचा कामावर हात गेला किंवा जीव गेला, तर सरकारी नुकसानभरपाईची यंत्रणा काय करते? हा प्रश्न आज नव्याने विचारणे भाग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा गेला आणि त्यातली कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत आली. आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला. पाटी बदलली. पाटीमागचा कारभार बदलणार आहे काय?

जुना कायदा वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. चूक मालकाची होती हे कामगाराला सिद्ध करावे लागत नसे; काम करताना अपघात झाला एवढे पुरे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव खटल्यात स्पष्ट सांगितले की, भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते, निकालाच्या दिवशी नव्हे. महिनाभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मृत्यू झाला तर मालकाने रक्कम आयुक्ताकडे जमा करायची. म्हणजे कायद्याप्रमाणे विधवेने मागायला जायचेच नव्हते!

हिशेबही अवघड नाही. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भरपाईसाठी धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये ठरला. त्याचा निम्मा ७,५००. चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८४.१७. झाले १३,८१,२७५ रुपये. सातवीतले पोर हा गुणाकार करील. मुंबईत १५,००० रुपयांत घर चालते असे ज्यांना वाटते, त्यांनी एक महिना चालवून दाखवावे, हा भाग वेगळा. पण गुणाकार एवढा सोपा असताना वर्षे जातात कुठे?

वर्षे जातात मेलेला माणूस ‘कामगार’ होता हे सिद्ध करण्यात. कंत्राटदार म्हणतो, हा माझ्याकडे नव्हता. पालिका म्हणते, कंत्राटदाराला विचारा. खरे तर कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाने द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद जुन्या कायद्याच्या बाराव्या कलमात होती. पण हजेरीपट कोणाच्या कपाटात असतो? मालकाच्याच. आणि पुरावा मागायचा तो विधवेकडे! कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात हेच दिसले. सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगार पालिकेचेच आहेत असा निवाडा औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली दिला, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो कायम केला. त्यानंतरही नावांतल्या फरकावर घोडे अडले. यादीत एक नाव, आधारवर दुसरे. जिवंत माणसाला स्वतःचे नाव सिद्ध करता येईना, तिथे मेलेल्याचे कोण करणार?

गटारातल्या मृत्यूंचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बलराम सिंह खटल्यात ते ३० लाख केले. आकडा वाढला याचे समाधान आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघे मेले, तेव्हा त्यांच्या विधवांना हे १० लाख मिळवण्यासाठी थेट उच्च न्यायालय गाठावे लागले. आदेश झाला सप्टेंबर २०२१ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधीच हातात असताना! उच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या त्या तीन. ज्या पोहोचल्याच नाहीत, त्यांच्या हाती कंत्राटदाराने स्टॅम्प पेपरवर अंगठा घेऊन काय ठेवले, ते वस्तीत विचारा.

विमा योजनेतल्या कामगाराची वाट वेगळी. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. मुलुंडचे कामगार रुग्णालय ही त्याच झाडाची फांदी आहे. इथे भांडण होते ते टक्क्यांवर. अनुसूचीप्रमाणे एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, अंगठा गेला तर ३०. कारकुनाची दोन बोटे आणि फावडे धरणाऱ्याची दोन बोटे कागदावर सारखीच. वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्क्यांवर अपील करता येते, ही गोष्ट किती कामगारांना कोणी सांगते?

अपिलाची रचना तर कागदावर चांगलीच होती. मालकाला उच्च न्यायालयात जायचे तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागे, आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील चाले. पण जमा झालेला पैसा अपील संपेपर्यंत पडून राहतो. मुले शाळा सोडून कामाला लागतात आणि मुदत ठेव मात्र वाढत असते. पालिकेचा वकील पालिकेच्या पैशाने उभा राहतो. मुलुंडहून तारखेला जाणाऱ्या बाईचा दर तारखेला एक खाडा पडतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. महाराष्ट्रात हे काम आजवर न्यायाधीशांकडे होते. संहितेत राजपत्रित अधिकारी नेमण्याचीही वाट मोकळी आहे. ज्या दाव्यात सरकार किंवा पालिकाच प्रतिवादी, तिथे सरकारी नोकर निवाडा करणार असेल तर आमचा विरोध राहील. न्यायाधीशच हवेत, आणि त्यांनी पूर्व उपनगरांसाठी आठवड्यातून एक दिवस मुलुंडला बसावे. हजेरीपट हजर केला नाही तर माणूस कामगार होता असेच धरावे. वादाबाहेरची निम्मी रक्कम वारसांना लगेच, अपिलाची वाट न पाहता मिळावी. आणि मृत्यूची खबर न देणाऱ्या मालकावर सरकारने स्वतःहून खटला भरावा; आजवर असे किती भरले ते मंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे.

तोवर आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. चौकीवरच्या हजेरीचा मोबाईलवर फोटो, गेटपास, पगाराची बँकेतली नोंद, आणि अपघात झालाच तर पंचनाम्याची व केसपेपरची प्रत त्याच आठवड्यात हाती घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही त्यात जागा आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. बुद्धविहारातल्या रविवारच्या बैठकीत हा अर्ज भरायला शिकवावा.